कुत्र्याला टॉनिक पाजायची सोपी पद्धत, डॉक्टरला न विचारता

तुमच्याकडे कुत्रा आहे ना? नीट खातो, शेपटी हलवतो, दोन्ही वेळची शी वेळेवर? मग त्याच्यात नक्की कशाची तरी कमी आहे. तुम्हाला दिसत नाहीये एवढंच. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना दिसते, वॉचमनपासून ते इस्त्रीवाल्यापर्यंत, आणि लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत उपायसुद्धा सांगून होतो.

तर पहिली गोष्ट, कारण शोधत बसायचं नाही. केस गळतायत? ओमेगा द्या, म्हणजे माशाच्या तेलाची कॅप्सूल. खाजवतोय? ओमेगाच, पण जरा जास्त. कानामागे बोट घालून गोचीड आहे का बघणं, पावसाळ्यात अंग ओलं राहून फंगस झालंय का ते बघणं, ही कामं ज्यांच्याकडे टॉनिकचा डबा घ्यायला पैसे नाहीत त्यांची. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मोरीच्या लादीवर चारी पाय पसरून पडलाय? हाडं कमजोर. (मे महिन्यात मी पण लादीवरच पडलेली असते, मला अजून कोणी कॅल्शियम आणून दिलेलं नाही.)

सल्ला विचारायचाच तर माणूस बघून विचारा. परळला १८८६ पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे साडेपाच वर्षं घासून पोरं डॉक्टर होतात, पण त्यांना काय कळतंय. त्यापेक्षा पेट शॉपमधला मुलगा बरा, जो मागच्या दिवाळीपर्यंत मोबाइलची कव्हरं विकत होता. तो एका नजरेत सांगतो की मॅडम, याला लिव्हर टॉनिक, मल्टीव्हिटॅमिन आणि जॉइंटची पावडर लागेल. कुत्रा आठ महिन्यांचा आहे, लिव्हर आणि जॉइंट दोन्ही अजून कोरे करकरीत आहेत, तरी लागेल.

खाण्याच्या पिशवीवर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' छापलेलं असतं, ते वाचू नका. वाचलंत तर वरून पावडर टाकायला कारणच उरत नाही.

डब्यातला मापाचा चमचा फेकून द्या, आपल्याकडे आमटीचा डाव असतो.

पिल्लू मोठ्या जातीचं असेल, म्हणजे लॅब, शेफर्ड किंवा वन बीएचकेमध्ये आणलेला ग्रेट डेन, तर कॅल्शियमला हात अजिबात आखडता घेऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जादाचं कॅल्शियम अडवता येत नाही, पोटात जाईल त्यातलं बरंचसं शरीर आत ओढून घेतं आणि मग हाडांची वाढच बिघडते. त्यातून पाय वाकडे दिसायला लागले की लगेच म्हणायचं, अरे याला मुडदूस झालाय, कॅल्शियम कमी पडतंय, आणि डोस डबल. असं करत करत वर्षभरात तुम्ही एक्स-रेवाल्याच्या घरच्या लग्नाला जाण्याइतके ओळखीचे होता.

आता खरी गंमत ऐका. ज्याला खरंच वरून काहीतरी द्यावं लागतं त्याला कोणी देत नाही. घरी रोज बिनहाडाचं चिकन आणि भात खाणारा कुत्रा घ्या. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, कुत्र्याला लागतं कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्त, म्हणजे इथे हिशोब करून कॅल्शियम द्यायलाच पाहिजे, डॉक्टर वजन बघून ग्रॅममध्ये लिहून देतात. पण नाही. 'आमचा घरचं खातो हो, त्याला काय कमी.' आणि जो तयार खाणं खातो, ज्याच्यात सगळं आधीच मोजून घातलेलं आहे, त्याच्या ताटात तीन पावडरी आणि एक कॅप्सूल. धन्य आहे.

घरात मांजर असेल तर कुत्र्याचंच खाणं आणि कुत्र्याचीच पावडर तिला चालवून घ्या. टॉरिन, म्हणजे मांजरीला खाण्यातूनच मिळावं लागतं ते एक अमिनो आम्ल, कमी पडलं की तिचं हृदय खराब होतं हे १९८७ साली सिद्ध झालं, डोळे जातात हे तर त्याच्याही आधी माहीत होतं, पण आपण बघतो रील्स. आणि तिला रोज कलेजी घाला, व्हिटॅमिन ए साठत साठत मानेची हाडं एकमेकांना चिकटली की ती इकडे तिकडे बघायचीच बंद होईल, पडदे वाचतील.

गोचीड पळवायला लसूण. गोचिडीला काही होत नाही, कुत्र्याचं रक्त तेवढं कमी होतं.

स्वतःच्या शुगर-फ्री गमीज पण द्या हं एखादी, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर अर्ध्या तासात रक्तातली साखर इतकी खाली येते की कुत्रा उभा राहत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसाचं औषध. हे वापरायला शिकलात की पेट शॉपची पण गरज नाही, घरातल्या औषधाच्या डब्यात सगळं असतं. मागच्या महिन्यात मी चुलत बहिणीच्या लग्नाला चार दिवस चिपळूणला गेले. बंड्याला, म्हणजे आमच्या देशी कुत्र्याला, वजन ११ किलो, चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे ठेवलं. काका चांगले आहेत, खरंच चांगले आहेत, सकाळी त्याला फिरवतात, स्वतःच्या ताटातली पोळी देतात. त्यांना मी खाण्याची पिशवी दिली, वाटी दिली, वाटीवर मार्करने रेघ मारून दिली की एवढंच. आणि काकांनी काय केलं, तर त्यांना बंड्या सुस्त वाटला, मे महिना, पंखा बंद, सुस्त वाटणारच ना, पण काकांनी कुठेतरी बघितलेलं की फ्लॅटमधल्या कुत्र्यांना ऊन मिळत नाही म्हणून त्यांचं व्हिटॅमिन डी कमी होतं, आणि काकांकडे त्यांची स्वतःची डीची पाकिटं होती, ती आपण सगळेच घेतो ती, ६०,००० युनिटची, आठवड्याला एक, दुधात टाकून. त्यांनी बंड्याला दिलं दुधात टाकून. आठवड्याला एक नाही. रोज एक. चार दिवस, चार पाकिटं. धडधाकट माणसाचा महिनाभराचा कोर्स ११ किलोच्या कुत्र्याला चार दिवसांत, कारण 'तो आवडीने प्यायला गं'.

आवडीने पिणारच, दूध होतं ते!

मी आले तेव्हा बंड्या बादलीतलं पाणी संपवत होता. लिफ्टमध्ये मुतला, जो आयुष्यात कधी घरात मुतला नाही. रात्री तीनदा उलटी. सकाळी डॉक्टरांनी रक्त घेतलं तर कॅल्शियम १४.६, असायला पाहिजे साधारण ९ ते ११. डॉक्टरांनी विचारलं, घरात उंदराचं औषध टाकलंय का? मी म्हटलं नाही. तर म्हणाले, काही काही उंदीर मारायच्या औषधांत हेच व्हिटॅमिन डी असतं, म्हणून विचारलं. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, किडनीत जाऊन बसतं, हृदयात बसतं, आणि हे डी चरबीत साठतं त्यामुळे पाकीट बंद केलं म्हणून संपत नाही, कित्येक आठवडे थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. पाच दिवस सलाईन. पुढच्या पायावरचे केस काढून सुई लावलेली, आणि बंड्या त्या पायाकडे असा बघायचा की हा माझाच आहे का. बिल १८,००० च्या पुढे गेलं, ते जाऊ दे.

आणि ते उन्हाचं जे आहे ना, ते कुत्र्याला लागूच होत नाही! कुत्र्याच्या कातडीत उन्हाने डी जवळजवळ बनतच नाही, ते त्याला खाण्यातूनच मिळतं, आणि त्या रेघ मारलेल्या वाटीत ते होतंच. म्हणजे मुळात जो प्रॉब्लेम नव्हता, त्यावर जो उपाय नव्हता, तो केला गेला, मापाशिवाय.

मी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं. त्यावर काय आलं माहितीये? २३ थम्सअप, 'गेट वेल सून बंड्या', आणि दुसऱ्या विंगच्या एक ताई, 'आम्ही पण देतो, आमच्याला काही झालं नाही'. त्यांचा लॅब ३८ किलोचा आहे, आणि त्या महिन्यातून एकदा पाकीट देतात. काही झालं नाही म्हणून बरोबर आहे का ते? ताई, त्याचं एकदा रक्त तपासून घ्या, चिडवत नाहीये, खरंच सांगतेय.

काकांवर मी ओरडले नाही. ते दारात उभे राहून एवढंच म्हणाले, 'मी चांगल्यासाठीच दिलं गं.' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. मला पण बोलायला तोंड नाहीये म्हणा, आमच्याच फ्रिजवर फिश ऑइलची बाटली आहे, रीलमध्ये बघून मागवलेली, दहा मिनिटांत घरी आली, डॉक्टरांना विचारायला मला दहा सेकंद मिळाली नाहीत. नंतर डॉक्टरांनी बंड्याच्या खाण्याच्या पिशवीचा फोटो बघितला आणि म्हणाले, ते तेल बंद करा, गरज नाही.

तेव्हा आता मस्करी बास. दुसऱ्याच्या कुत्र्याला काही घालायच्या आधी मालकाला फोन करायचा. स्वतःच्याला घालायच्या आधी डॉक्टरला करायचा, काय खातो, किती खातो, वजन किती, ते सांगायचं, आणि नाही म्हणाले तर नाही. एवढं पण जमत नसेल तर कशाला पाळता? वर्षातून एकदा रक्त तपासायला ज्यांना महाग वाटतं तेच लोक महिन्याला दोन-दोन हजारांचे डबे लावतात, लाज वाटायला पाहिजे आपल्याला, मला धरून सांगतेय.

बंड्याचं कॅल्शियम काल ११.९ आलं. पुढची टेस्ट शुक्रवारी आहे. रिपोर्ट ग्रुपवर टाकेन, कृपा करून त्याच्याखाली कुठल्या टॉनिकचं नाव लिहू नका.