फुगलेली मोबाईल बॅटरी टोचू नका : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बॅटरी फुगली तर सुईने टोचून हवा काढा, चिकटपट्टी लावा, फोन पुन्हा चालतो.’ हे चुकीचं आणि धोकादायक आहे.

आत हवा नसते. इलेक्ट्रोलाइटचं (बॅटरीतल्या रासायनिक द्रावणाचं) विघटन होऊन तयार झालेला ज्वलनशील वायू असतो. सुईमुळे आतले थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होऊन काही सेकंदांत भडका उडू शकतो. वायू गेला तरी बिघडलेला सेल सुधारत नाही.

फुगवटा दिसताच चार्जिंग थांबवा, फोन बंद करा, दाबू नका. फुगलेली बॅटरी काढायचं काम घरी नको, दुरुस्तीवाल्याकडेच द्या. जुनी बॅटरी ई-कचरा केंद्रात. घंटागाडीत मुळीच नाही.

न फुगलेली बॅटरी स्वतः बदलायची असेल, तर चार्ज २५ टक्क्यांखाली आणा. फोन उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. गोंद सोडवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब, धातूचा स्क्रूड्रायव्हर नाही. स्क्रू कागदावर जागेनुसार चिकटवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर फोनचा सर्किट बोर्डच खराब होतो. (हत्यारं पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतात. काम करताना घाई करायची नाही.)

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.