व्याह्यांच्या बंधूंचे अठरा होल

मे महिन्यात सोलापुरात मुक्कामाला येणारा पाहुणा एक तर फार जवळचा असतो, किंवा त्याला सोलापूरचे ऊन ठाऊक नसते. आमचे व्याही दोन्ही वर्गांत मोडत असल्यामुळे माठ, वाळ्याचे पडदे आणि कूलर अशी जय्यत तयारी आम्ही करून ठेवली होती. त्यांच्या धाकट्या बंधूंसाठी मात्र काहीच तयारी नव्हती, कारण ते न्यूयॉर्कजवळ राहतात आणि आमच्या दिवाणखान्यात रात्रभर ठाण मांडतील अशी शंका घेण्यास जागा नव्हती.

हे बंधू हौशी गोल्फपटू आहेत. यूएस सीनियर ओपन या अमेरिकेतील ज्येष्ठ गोल्फपटूंच्या स्पर्धेत ज्यांना थेट प्रवेश मिळत नाही, त्यांना एखाद्या क्लबच्या मैदानावर एका दिवसात 18 होलांची पात्रता फेरी खेळावी लागते, आणि बंधूंची फेरी एका ऐतिहासिक क्लबवर होती, हे व्याह्यांनी पहिल्याच जेवणात कडक भाकरी आमटीत कुस्करताना सांगितले. 1980 साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा किमान वयाची अट 55 वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती 50 वर आली आणि त्याच वर्षी 51 वर्षांचे नामांकित गोल्फपटू अर्नोल्ड पामर स्पर्धा जिंकले. नियम कधी आणि कोणासाठी सैल होतात याबाबत माझी काही मते आहेत, परंतु मुलीच्या सासऱ्यांपुढे मते मांडायची नसतात. त्याच कारणाने त्या क्लबाच्या शंभरीचे कौतुकही मी निमूटपणे ऐकून घेतले. एरवी मला सांगता आले असते की, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा आहे, अमेरिकेतील गोल्फची मध्यवर्ती संघटना 1894 ची आहे, आणि आमच्याकडे 1877 साली निघालेल्या कापड गिरणीला सारे गाव नुसते ‘जुनी मिल’ म्हणत आले. तिला ऐतिहासिक म्हणण्याची चैन कोणी केली नाही.

बंधूंची पाळी तिकडच्या दुपारी 12:40 ला, म्हणजे आपल्या रात्री 10:10 ला होती. मला वाटले होते की निदान हिरवळ तरी बघायला मिळेल. प्रत्यक्षात व्याह्यांनी शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर केवळ नावांची यादी होती आणि बंधूंच्या नावापुढचा एक आकडा दर पंधरा-वीस मिनिटांनी बदलत असे किंवा बदलत नसे. खेळाडू फटका मारत असताना प्रेक्षकांनी हालचाल करू नये, हा त्या खेळाचा शिष्टाचार व्याह्यांनी सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून आमच्या घरी लागू केला. मी कूलर लावला आणि नेमकी तिसऱ्या होलवर बोगी झाली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त लागला, तेव्हा कूलर बंद करण्यात आला. विहीणबाई पाणी प्यायला उठल्या आणि बर्डी झाली, म्हणजे एक फटका वाचला, तेव्हा प्रत्येक होलाला त्यांनी उठून पाणी प्यावे असे ठरले. चार होलांनंतर त्या माउलीने हात जोडले.

मधल्या रिकाम्या वेळेत व्याही माझे ज्ञान वाढवीत होते. खेळाडूला 14 पेक्षा जास्त काठ्या नेता येत नाहीत, होलाचा व्यास सव्वाचार इंच असतो, हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी 5 मिनिटे मिळत, 2019 पासून 3 च मिळतात. आमच्या घरात चष्मा शोधायलाही याहून अधिक वेळ देतात, हे मी मनातच म्हणालो. सौभाग्यवतींना मात्र राहवले नाही. ‘‘भाऊ, एवढ्या हिरवळीला नळ किती दिवसांआड येतो हो?’’ असे त्यांनी अगदी मनापासून विचारले. आमच्या भागात तो चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, तोही पहाटे, आणि त्या दिवशी नेमकी आमची पाळी होती. व्याह्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, कारण बंधू वाळूच्या खड्ड्यात असावेत असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाज त्यांनी कशावरून बांधला, हे त्या आकड्याकडे बघून मला कळले नाही.

पहाटे तीनच्या सुमारास अठरा होल संपले. पात्र ठरणाऱ्यांच्या दोन जागांपैकी एक गेली होती आणि उरलेल्या एका जागेसाठी बंधूंसह तिघे बरोबरीत होते. आता एकेका होलाचा प्ले-ऑफ होणार होता. तो सुरू झाला आणि अंगणातल्या नळाने फुसफुसत हवा सोडली.

मी मोटारीच्या बटणाकडे धावलो. ‘‘व्याहीबुवा, मोटार नको!’’ असे व्याही कुजबुजले, पण ते कुजबुजणे शेजाऱ्यांच्या गच्चीवर झोपलेल्यांनाही ऐकू गेले असावे. तासाभराने पाणी जाणार, टाकी कोरडी, घरात चार माणसे आणि समोर मुलीचे सासरे! शेवटी मी आणि सौभाग्यवतींनी घागरी आणि बादल्या लावून पिंप भरले, तेही बादलीची कडी वाजू नये म्हणून तिला फडके गुंडाळून. मोटार लावली असती तर बंधू हरले असते, आणि ते माझ्या नावावर लागले असते.

मोटार न लावताही ते हरले. परंतु अशा पात्रता फेरीत हरलेल्यांमधूनही पर्यायी खेळाडूंचा क्रम लावतात आणि त्यात बंधू दुसरे आले. मुख्य स्पर्धेला जाणाऱ्यांपैकी कोणाची कंबर धरली, आणि पहिल्या पर्यायी खेळाडूचेही काही बिनसले, तर बंधूंना बोलावणे येऊ शकते आणि ते अगदी शेवटच्या दिवसापर्यंत येऊ शकते, असे व्याह्यांनी चहा घेताना समजावून सांगितले. रात्रभर जागूनही त्यांचा चेहरा टवटवीत होता.

मुख्य स्पर्धा जूनअखेरीस आहे. ‘‘या वास्तूचा गुण चांगला आहे, इथून हलणे बरे नव्हे,’’ असे म्हणत व्याह्यांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे परतीचे आरक्षण रद्द केले. सौभाग्यवतींनी मला त्याच सकाळी आणखी दोन पिंपे आणायला पाठवले.