तीन संगणक, चार वेळा

संगणक शेजारीशेजारी ठेवले की ते एकमेकांच्या फाइली बघतात, प्रिंटर वाटून घेतात, एकाच वायफायवर गुण्यागोविंदाने नांदतात. वेळेचं मात्र ज्याचं त्याचं. विंडोज म्हणतं दहा वाजून चार मिनिटं, लिनक्स म्हणतं दोन. मॅक काही न बोलता कोपऱ्यात दहा वाजून तीन दाखवतो, जणू या वादाशी आपला संबंध नाही. त्यातच एका मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर ते एकटंच दोन वेळा सांगतं.

अशा भांडणात मी घड्याळाला लगेच हात लावत नाही. हाताने वेळ बरोबर करणं म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा वाचायच्या आधीच तो झटकणं. आधी फरक मोजायचा, कारण आजार फरकातच कळतो.

फरक अगदी नेमका तासांचा, अर्ध्या तासाचा किंवा पाऊण तासाचा असेल, तर घड्याळ ठणठणीत आहे. मदरबोर्डवर सीआर2032 सेलवर चालणारं एक छोटं घड्याळ असतं. ते बिचारं आकडे सांभाळतं. ते आकडे कुठल्या टाइमझोनचे, हे त्याच्या गावीही नसतं. विंडोज ते स्थानिक वेळ समजतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे सगळ्या जगाची सामाईक प्रमाण वेळ. एकाच खोलीत दोन पाळ्यांत राहणारे दोन भाडेकरू, आणि निघताना प्रत्येक जण कपाट आपल्या पद्धतीने लावून जातो.

यावर लिनक्सला विंडोजच्या मताचं करणं सोपं दिसतं: वेळ लावणाऱ्या टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी 1, म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर, असं सांगितलं की झालं. करू नका. जिथे उन्हाळी वेळ पाळतात, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तिथे दोन्ही सिस्टिम 'आपल्यालाच सरकवायचं आहे' असं समजून तास सरकवू शकतात. त्यापेक्षा लिनक्समध्ये तिथे 0 ठेवा आणि विंडोजलाच समजवा. विंडोजच्या सेटिंग्जचं कोठार असलेल्या रजिस्ट्रीत एचकेएलएमखाली सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन एवढ्या पायऱ्या उतरून रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड किंमत तयार करायची आणि तिला 1 द्यायचा. नाव सलग लिहायचं. मध्ये जागा सुटली तर विंडोज तक्रार करत नाही, फक्त दुर्लक्ष करतं.

फरक असा गोल आकड्यात नसेल, चांगला दोन मिनिटं सतरा सेकंद वगैरे असेल, तर कारण वेगळं. स्वस्तातला क्वार्ट्झ स्फटिक दशलक्षात वीस भाग चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. म्हणजे दोन मिनिटं चुकायला सव्वादोन महिने लागतात, आणि तेवढे दिवस त्या मशीनला खरी वेळ कोणी सांगितलेली नाही.

का सांगितली नाही, ते त्यालाच विचारायचं. विंडोजवर आज्ञा द्यायची: डब्ल्यू32टीएम, क्वेरी, स्टेटस. बऱ्याचदा उत्तर येतं की वेळ जुळवणारी सेवा सुरूच नाही. तिला नेट स्टार्ट डब्ल्यू32टाइम म्हणून उठवावं लागतं. सुरू असेल आणि सोर्सपुढे 'लोकल सीमॉस क्लॉक', म्हणजे मदरबोर्डवरचंच घड्याळ, दिसलं, तर साहेब स्वतःलाच वेळ विचारून स्वतःच 'अगदी बरोबर' म्हणताहेत.

लिनक्सवर वेळ जुळवायचं काम क्रोनी करत असेल, तर आज्ञा क्रोनीसी सोर्सेस. ज्यांना वेळ विचारली जाते त्या सर्व्हरांची यादी येते. सर्व्हरच्या नावाआधी तारा असेल तर त्याचं ऐकलं जातंय. प्रश्नचिन्ह म्हणजे विश्वास नाही, फुली म्हणजे खोटारडा ठरवलाय. रीचच्या रकान्यात 377 पाहून दचकू नये. आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, आणि त्याचा अर्थ शेवटच्या आठही हाकांना ओ आली. तिथे 0 असेल तर फायरवॉल वाट अडवते का बघा. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ विचारायची पद्धत) यूडीपीच्या 123 क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. 'पण पिंग तर होतंय' हा युक्तिवाद इथे बाद, कारण पिंगचं दार वेगळं.

खरी गंमत पुढे आहे. रीच 377, आणि तरीही प्रश्नचिन्ह! विंडोजला वेळेचा सर्व्हर केलंय, पण त्याला वरून कोणी वेळ देत नाही, अशा ठिकाणी हे हमखास घडतं. तो सर्व्हर प्रामाणिकपणे सोबत कळवतो की माझ्या वेळेत दहा सेकंदांपर्यंत चूक असू शकते. क्रोनीची सहनशक्ती तीन सेकंदांची. मग तो आठही वेळा नम्रपणे ऐकून घेतो आणि एकदाही मनावर घेत नाही. ही मर्यादा, म्हणजे मॅक्सडिस्टन्स, वाढवून त्याला गप्प करता येतं, पण ती मलमपट्टी झाली. त्या विंडोजला बाहेरचा धड स्रोत द्या. वेळेच्या सर्व्हरांच्या यादीत, म्हणजे मॅन्युअलपीअरलिस्टमध्ये, सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम आणि 0एक्स8 लिहायला विसरू नका. नाहीतर विंडोज गिऱ्हाईक म्हणून न विचारता बरोबरीच्या नात्याने विचारतं, आणि काही लिनक्स सर्व्हर असल्या सलगीला उत्तरच देत नाहीत.

सगळं जुळवलं तरी घड्याळ जागचं हलत नाही, ही पुढची तक्रार. क्रोनीऐवजी एनटीपीडी हा वेळ जुळवणारा दुसरा प्रोग्रॅम असेल, तर हलतंय, पण त्याच्या चालीने. 128 मिलिसेकंदांच्या आतली चूक तो हळूहळू जिरवतो, सेकंदाला फार तर अर्धा मिलिसेकंद. त्याहून मोठी असेल तर थोडं थांबून, खात्री करून, उडी मारतो. आणि 1000 सेकंदांवर गेली तर 'हे माझ्या आवाक्यातलं नाही' म्हणून चक्क बंद पडतो. एवढी सावधगिरी भित्रेपणा वाटते, पण घड्याळ एकदम मागे नेलं की प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेकला स्रोत फाइल उद्याची आणि बांधलेली फाइल कालची दिसते. तो इशारा देतो आणि वाटेल ते पुन्हा बांधत बसतो. म्हणून उडी मारायचीच असेल तर मशीन सुरू होतानाच मारू द्यावी. क्रोनीत त्यासाठी मेकस्टेप 1 3 पुरतं.

व्हर्च्युअल मशीन (एका संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा) असेल तर यजमान किंवा एनटीपी, दोघांपैकी एकालाच वेळ लावू द्या. आणि पासवर्ड बरोबर असूनही ऑफिसच्या डोमेनमध्ये शिरता येत नसेल, तर पासवर्ड बदलायच्या आधी घड्याळ बघा. तिथे ओळख तपासणारं कर्बेरॉस सहसा पाच मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही.

एवढं करून तिन्ही मशीन मिलिसेकंदापर्यंत एकमतावर आल्या, की बदललेल्या फाइली तेवढ्या कॉपी करणारा आरसिंक फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर कालच्याच फाइली परत उतरवायला घेतो. फॅट32 फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदतं, त्यामुळे निम्म्या फाइली त्याला बदललेल्या वाटतात. इथे क्रोनीला शिव्या देऊ नयेत. आरसिंकला मॉडिफाय-विंडो 1 सांगावं.