दानाची पावती आणि दादाचा निकाल

"वजावट गेली ते बरंच झालं. आता दान हे दान राहील." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने निकाल दिला आणि खाली भराभर हात जोडले गेले.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. सांगलीत असतो, बँकेतून निवृत्त झालाय, त्यामुळे आकडे आणि नीती ही दोन्ही खाती त्याच्याकडे. विषय काढला होता भाच्याने. पुण्यात नोकरी करणाऱ्या या मुलाने एका संस्थेला २५ हजार रुपये दिले, ८०जीची, म्हणजे दानावर वजावट देणाऱ्या आयकराच्या कलमाची, पावती जपून ठेवली आणि रिटर्न भरताना त्याला कळलं की नव्या करप्रणालीत ८०जी नाहीच. तो बिचारा एवढंच म्हणाला की निदान ही एक सवलत तरी ठेवायची. त्यावर दादाने गुप्तदान, उजवा हात, डावा हात असं सगळं काढलं. तिथपर्यंत मी वाचून सोडून दिलं असतं. पण शेवटी एक ओळ होती: "नाहीतर अमेरिकेसारखं होतं. भंगार गाडीसुद्धा संस्थेच्या गळ्यात मारायची आणि वर टॅक्स वाचवायचा."

मी न्यू जर्सीत राहते. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आम्ही आमची जुनी अकॉर्ड गाडी दान केली, आणि टो ट्रकवर चढलेल्या तिचा फोटो मीच त्या ग्रुपवर टाकला होता. तेव्हा 'अमेरिका' म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

आता मुद्द्याचं. इथे दानावर करसवलत आहे हे खरं, पण ती पदरात पडते शेड्यूल ए, म्हणजे एकेक खर्च मोजून वजावट मागायचा फॉर्म, भरणाऱ्याच्या. २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट, जवळजवळ दुप्पट झालं आणि तेव्हापासून साधारण दहापैकी नऊ करदाते तेच घेऊन मोकळे होतात. २०२५ साठी नवराबायकोला मिळून ते ३१,५०० डॉलर आहे. घराच्या कर्जाचं व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, राज्याचा कर, दानधर्म हे सगळं त्याच्या वर गेलं तरच दानाचा डॉलर करात दिसतो. नाहीतर गाडी द्या, घर द्या, रिटर्न भरायच्या टर्बोटॅक्स सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचा आकडा जागचा हलत नाही. २०२६ पासून स्टँडर्ड घेणाऱ्या जोडप्यालाही दोन हजार डॉलरपर्यंत वजावट मिळणार आहे, पण ती पैशाच्या दानाची. गाडी त्यात बसत नाही.

आणि तिकडे भारतात? ३१ जुलै २०२४ पर्यंत भरलेल्या ७.२८ कोटी रिटर्नपैकी ५.२७ कोटी नव्या प्रणालीतली होती. त्यांच्यासाठी ८०जी असून नसून सारखं. जे जुन्या प्रणालीत राहिले त्यांनाही वस्तूच्या दानावर काही मिळत नाही; ८०जी फक्त पैशाला लागू, आणि तेही रोखीने दिले तर दोन हजार रुपयांपर्यंतच. म्हणजे दादाच्या व्याख्येतलं निर्मळ दान करणाऱ्यांचा दोन्हीकडे सुकाळ आहे. तरी आमचं ते हिशेबी आणि त्यांचं ते सात्त्विक. हे कुणी ठरवलं?

दादाचं म्हणणं एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं. ग्रुपवर मी हे लिहिलं नाही, इथे लिहिते. पूर्वी इथे गाडी दिली की केली ब्लू बुक या जुन्या गाड्यांच्या भावाच्या यादीत बघायचं, चांगल्या स्थितीतल्या गाडीचा भाव उचलायचा आणि तो वजावटीत टाकायचा. गाडीला इंजिन असो नसो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये याची तपासणी केली. २००० सालच्या रिटर्नमध्ये सुमारे ७,३३,००० जणांनी गाडी दिल्याची वजावट घेतली होती आणि त्यातून ६५ कोटी डॉलरचा कर वाचला होता. नमुन्यादाखल ५४ गाड्यांचा माग काढला, तर त्यातल्या दोनतृतीयांश गाड्यांबाबत संस्थेच्या हाती देणाऱ्याने सांगितलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहून कमी पडलं होतं. बाकीचं मधल्या दलालांनी, लिलाववाल्यांनी, जाहिरातींनी खाल्लं. काही किंमत तर मुळात नव्हतीच.

मग २००४ मध्ये कायदा झाला. तेव्हापासून पाचशे डॉलरच्या वरची वजावट हवी असेल तर संस्थेने गाडी विकून जी रक्कम आली तेवढीच धरायची. पाचशे किंवा त्याहून कमीला गेली तर बाजारभाव आणि पाचशे यांत जे कमी असेल ते. विक्री झाली की तीस दिवसांत १०९८-सी हा फॉर्म घरी येतो, आणि त्याची प्रत सरकारकडेही जाते, त्यामुळे थाप मारायला जागा फारशी उरत नाही. आमच्या अकॉर्डची किंमत ब्लू बुकात २,६०० दिसत होती. लिलावात ती ९०० ला गेली. दीड लाखाच्या वर मैल, खालून हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लेली, इन्स्पेक्शनचा स्टिकर संपत आलेला. तिला ९०० देणाऱ्याचंच मला कौतुक वाटलं. फॉर्मवर ९०० लिहिलं होतं, मी ९०० धरले. यात गळ्यात मारणं कुठे आलं?

गुप्तदानाबद्दल तर आमच्या घराण्याने बोलूच नये. सांगली-मिरजेतल्या कुठल्याही मंगल कार्यालयात पंख्याखाली बसा आणि मान वर करा. पातं थांबलं की दात्याचं नाव वाचता येतं. देवळाच्या पायरीवर नाव, एसटी स्टँडवरच्या बाकावर 'यांच्या स्मरणार्थ', पाणपोईवर नाव, स्मशानातल्या शेडवरही नाव. गणपतीत वर्गणीचे आकडे लाउडस्पीकरवरून वाचले जायचे आणि आमचे काका, म्हणजे दादाचेच वडील, स्वतःचा आकडा नीट ऐकू येईपर्यंत मांडवातून हलायचे नाहीत. शिवाय ज्या बँकेत दादाने उभी नोकरी केली तिथे मार्चअखेरीला पावत्या गोळा करणाऱ्यांची किती झुंबड उडायची, हे त्यानेच आम्हाला रंगवून सांगितलंय. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी केली. त्यात पकडले गेलेले काही न्यू जर्सीचे नव्हते.

मला विचाराल तर पावती असावी. देणाऱ्याला तिचा उपयोग होवो न होवो, घेणाऱ्यावर तिचा वचक असतो. बिनपावतीचं दान सर्वांत सोयीचं कुणाला असतं, हे बँकेतल्या माणसाला मी काय सांगायचं?

एवढं सगळं मी टाइप केलं होतं. पाठवलं नाही, कारण मग दादाने हमखास पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. तो म्हणाला असता, "ते राहू दे. पण चालती गाडी होती, तर कुणाला दिली का नाहीस?"

आमच्याकडे जुनी वस्तू टाकत नसत. "होईल कुणाला तरी," असं आई म्हणायची आणि ते 'कुणीतरी' दोन दिवसांत दारात हजर व्हायचं. बाबांची फियाट काकांकडे गेली, काकांकडून त्यांच्या मित्राकडे, आणि शेवटची काही वर्षं मिरजेच्या एका गॅरेजवाल्याकडे ती पडेल ते काम करत होती. त्याला कुणी दान म्हटलं नाही. साड्या बोहारणीला जायच्या, त्यावर स्टीलचा डबा यायचा, त्यालाही नाही. आणि आज मी केलं ते खरं तर बोहारणीचाच व्यवहार आहे, फक्त डबा एप्रिलमध्ये, टॅक्स भरताना मिळतो.

इथेही सुरुवातीला साखळी होती. आमची पहिली गाडी कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका मराठी जोडप्याने दिली. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही केली, किंमत एक डॉलर लिहिली, वर कुकरही दिला. त्या गाडीतल्या रेडिओवर मी हा देश ऐकला. रूट वनच्या ट्रॅफिकमध्ये कळलं की इथली माणसं कशावर भांडतात, काय खातात, कशाला घाबरतात. अकॉर्ड द्यायची ठरल्यावर मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग एकाने अंगठा दाखवला. नवीन येणारी मुलं थेट टेस्ला लीजवर घेतात, आणि आमच्या वयाचे सगळे माझ्यासारखेच आपली जुनी गाडी कुणाच्या माथी मारायची या विवंचनेत. ज्याला खरंच जुन्या गाडीची गरज आहे, गोदामात रात्रपाळीला जायला ज्याच्याकडे बस नाही, अशा माणसाला मी ओळखत नाही. तो असणार. आम्ही एकाच कॉस्टकोत जात असू. पण त्याचा फोन नंबर माझ्याकडे नाही, माझा त्याच्याकडे नाही.

गाडी दुरुस्त करून थेट गरजू कुटुंबाला देणाऱ्या संस्थाही आहेत. तशा संस्थेला गाडी दिली तर लिलावाची अट लागत नाही, पूर्ण बाजारभाव धरता येतो. मी अशा एका संस्थेला फोन केला. बाईंनी वर्ष विचारलं, मैल विचारले, गंज विचारला आणि फार गोड शब्दांत नाही म्हणाल्या. मग पब्लिक रेडिओला दिली. वॉशिंग्टनने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, तेव्हापासून ही स्टेशनं आणखी कळकळीने गाड्या मागतायत. प्लेट्स काढून ठेवल्या, टायटलवर सही केली, टो ट्रकवाल्याने पाच मिनिटांत साखळ्या लावल्या. "हॅव अ गुड वन," म्हणाला आणि गेला.

आता दादाबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा आमच्या शाळेचं ग्रंथालय पाण्यात गेलं. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. मीही कळवलं, आणि आकडा चांगला होता. विश्वस्तांपैकी एकांचा फोन आला, माझ्याहून दोन वर्षं पुढे असलेले. "ताई, राग मानू नका, पण तुमचे पैसे घेता येत नाहीत. आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची परवानगी, नाही." मी म्हटलं, अहो, मी याच शाळेची. ते म्हणाले, "ते आहेच हो. पण पासपोर्ट." परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी नागरिकत्व अमेरिकेचं, म्हणून कायद्याच्या लेखी मी विदेशी स्रोत. माझ्या नणंदेने अजून भारतीय पासपोर्ट ठेवलाय. तिचे पैसे दुबईहून आले तरी चालतात. पुढच्याच वर्षी तो कायदा आणखी कडक झाला आणि असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवायचा नियम आला. छोट्या शाळेने त्या भानगडीत कशाला पडावं? त्यांचं काही चुकलं नाही.

दादाने तेव्हा स्वतःच्या पेन्शनमधून पैसे दिले, त्याला झेपतील त्यापेक्षा जास्त. मला फोन करून म्हणाला, "तुझ्या वतीनेच दिले समज." मी समजले नाही. पुढच्या वेळी गेले तेव्हा ग्रंथालयाबाहेर दात्यांची पाटी लागलेली होती, आणि त्यावर दादाचं नाव वरून तिसरं. दादा, जो गुप्तदानावर आता ग्रुपला शिकवतोय. पंख्याच्या पात्यांवरच्या नावांची मी वर टिंगल केली ती खुशाल वाचा, पण त्या पाटीवर माझं नाव असतं तर मी फोटो काढून डीपीला लावला असता.

म्हणून त्याची ती ओळ झोंबली. दानावर कर वाचवणं चूक की बरोबर, यावर मी त्याच्याशी संध्याकाळभर आनंदाने भांडले असते. पण 'अमेरिकेसारखं' म्हणून त्याने मला शाळेच्या विश्वस्तांनी ठेवलं होतं तिथेच नेऊन ठेवलं, आणि तेही घरच्या ग्रुपवर, जिथे पासपोर्ट कुणी विचारत नाही असं मी समजत होते.

राहिला टॅक्स. वर मी स्टँडर्ड डिडक्शनची एवढी बाजू मांडली, पण २०२५ च्या रिटर्नमध्ये आमचं त्यात येत नाही. राज्याचा कर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून २०१८ पासून दहा हजार डॉलरच्या वर धरता येत नसे. २०२५ साठी ती मर्यादा ४० हजार केली, आणि न्यू जर्सीत घर असलेल्या आमच्यासारख्यांचं शेड्यूल ए इतक्या वर्षांनी पुन्हा जिवंत झालं. ३१ डिसेंबरच्या आत गाडी उचलून न्या, असा तगादा मी रेडिओवाल्यांकडे लावला होता, तो याचसाठी. २०२६ पासूनच्या दानात उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचं दान वजावटीतून वगळलं जातं, तेव्हा हे ९०० त्यातच जिरले असते. २०२५ मध्ये नाही. ९०० डॉलर, आमचा वरचा दर २४ टक्के, म्हणजे २१६ डॉलर वाचतात. मी ते सोडणार नाही.

आणि शाळेने पैसे घेतले असते, तर दादा, तिथेही मी पावती मागितली असती. माहेरच्या पूर्ण नावाची.