मे आय पुट यू ऑन होल्ड?

पैसे माझे, परत करायचे त्यांनी. एके सकाळी एका ओळीचा मेसेज आला, 'युअर रिफंड इज ऑन होल्ड'. खाली चौकशीचा नंबर. नंबर लावला तर थोड्या वेळाने मीही होल्डवर. एकाच कंपनीने माझे पैसेही धरलेले आणि मलाही. कशाचे पैसे, का परत यायचे होते, हे सांगत बसत नाही. तुमचेही कुठेतरी असेच अडकलेले असणार, तेच डोळ्यासमोर आणा आणि पुढे वाचा.

मराठीसाठी सांगितलेलं बटण दाबलं, तर इंग्रजीतून 'प्लीज होल्ड' आलं आणि मागोमाग संगीत सुरू झालं.

होल्ड म्हणजे धरणे, हे आपण शाळेतच पाठ केलेलं असतं. होल्ड, हेल्ड, हेल्ड. 'ही होल्ड्स अ पेन.' त्या वाक्यात धरणारा 'ही' होता आणि धरलेलं पेन होतं. मोठेपणी आपण पेन निघू, हे कुठल्याच मास्तरांनी सांगितलं नाही.

बरं, इंग्रजीत हे क्रियापद वाटेल ते धरतं. श्वास धरतं, मत धरतं, सभा भरवतं, पद भूषवतं. एखाद्या म्हणण्यात तथ्य असलं तर ते म्हणणं 'पाणी धरतं'. आपणही काही कमी नाही म्हणा. आपण धीर धरतो, अबोला धरतो, रोपटं मूळ धरतं, मूल बाळसं धरतं आणि सगळे उपाय थकले की माणसं दारात धरणं धरतात. त्या सकाळी मी नेमकं काय धरून बसलो होतो याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. धीर तर नव्हताच. जवळात जवळचा अर्थ सापडला तो 'वेठीस धरणे'. पण ते धरत होते, मी नव्हे. आणि 'प्लीज होल्ड' अशी विनंती मात्र मला! म्हणजे बांधणाऱ्यानेच म्हणायचं, 'जरा दोरी धरता का?'

तेवढ्यात नाना आले.

नाना वरच्या मजल्यावर राहतात. शिडी मागायला आले होते. दार उघडंच होतं, ते आत येऊन उभे राहिले. टेबलावर माझा फोन स्पीकरवर वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

"कुठलं गाणं रे हे?"

"गाणं नाही नाना, मी होल्डवर आहे."

"मग फोन टेबलावर काय करतोय?"

"स्पीकरवर ठेवलाय ना."

"ती बाई काय म्हणाली तुला?"

"होल्ड करा म्हणाली."

"होल्ड म्हणजे?"

"धरा."

"मग धर की! टेबलाने धरून कसं चालेल? टेबलाचे पैसे अडकलेत का?"

यावर काही उत्तर असेल तर मला कळवा. मला सुचेपर्यंत नानांनी खुर्ची ओढली, फोन उचलला, दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि डोळे मिटून घेतले. संगीत थांबलं. मग तो आवाज आला, 'युअर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस.'

"थँक यू, मॅडम," नाना म्हणाले.

"नाना, ते रेकॉर्डिंग आहे."

"असेना. कोणीतरी तोंडाने बोललं म्हणूनच रेकॉर्ड झालं ना? तिला तेव्हा कोणी थँक यू म्हणालं असेल असं वाटतं तुला?"

थोड्या वेळाने तीच बाई तेच बोलली. नानांनी पुन्हा आभार मानले, या वेळी नावानिशी. नाव माझं सांगितलं. मग म्हणाले, "हात अवघडला. आता तू धर, मी जरा शिडी बघून येतो. आणि खाली ठेवू नकोस. एकदा का खाली ठेवलास की गेला तुझा नंबर!"

राग यायला हवा होता. पण गंमत अशी की फोनच्या इतिहासाप्रमाणे नाना बरोबर होते. जुन्या फोनचा रिसीव्हर आकड्याला लटकायचा. तो आकड्यावर ठेवला की वजनाने आकडा खाली जायचा आणि लाइन तुटायची. त्यामुळे एक्स्चेंजमधली ऑपरेटर 'होल्ड द लाइन' म्हणायची तेव्हा खरंच काहीतरी हातात धरून ठेवायचं असे. रिसीव्हर गेला, आकडा गेला, ऑपरेटरही गेली. क्रियापद तेवढं राहिलं.

या क्रियापदाचं मूळ तर आणखी मागे जातं. जुन्या इंग्रजीत ते 'हेआल्डन' होतं. त्याच कुळातली गॉथिक भाषा बघितली तर तिथे 'हाल्डन' म्हणजे गुरं राखणे. हे वाचल्यापासून मला कंपनीबद्दल वेगळाच आदर वाटायला लागलाय. शब्द मूळ अर्थाने वापरणारी माणसं हल्ली मिळतात कुठे?

संगीताचा उगमही सांगून टाकतो, कारण ते वाजत असताना दुसरं काही करता येत नाही. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही नावाचे एक कारखानदार होते. त्यांच्या कारखान्यात एक सुटी वायर लोखंडी तुळईला टेकली आणि सगळी इमारतच रेडिओसारखी वागायला लागली. थांबवून ठेवलेल्या कॉलवर शेजारच्या रेडिओ स्टेशनचा कार्यक्रम ऐकू यायला लागला. दुसऱ्या कोणी वायरमन बोलावला असता. लेव्हींनी १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६६ मध्ये पेटंट मिळालंही. म्हणजे ज्या सुरांनी जगभरची माणसं दात-ओठ खातात ते मुळात वायरिंगमधला बिघाड आहेत! पुढे १९८९ मध्ये दोन शाळकरी मित्रांनी गॅरेजमध्ये एक धून रेकॉर्ड केली. त्यातला एक जण नंतर ऑफिसचे फोन बनवणाऱ्या सिस्को कंपनीत लागला, आणि ती धून त्यांच्या फोनवर होल्डचं ठरलेलं संगीत होऊन बसली. इतक्या लोकांनी ऐकलेली आणि इतक्या कमी लोकांनी स्वतःहून लावलेली दुसरी धून नसेल. माझ्या वाट्याला तीही नव्हती. माझ्याकडे होती ती एक सनई की काहीतरी, दर थोड्या वेळाने मधेच तुटणारी. ती तुटली की वाटायचं, आली बाई! आणि ती यायचीच, पण रेकॉर्डिंगची.

'सध्या अनपेक्षितपणे जास्त कॉल येत असल्यामुळे...'

इथे मात्र माझं डोकं फिरलं. हा नंबर मी केव्हाही लावला, सकाळी, दुपारी, रविवारी, तरी कॉल अनपेक्षितच. रोज येणाऱ्या पाहुण्याला कोणी अनपेक्षित म्हणतं का? आणि हे गणित न सुटलेलं आहे असंही नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नेर एर्लांग नावाचे गणिती होते. फोनच्या वर्दळीवरचा त्यांचा पहिला लेख १९०९ चा आणि प्रसिद्ध सूत्रं १९१७ ची. तासाला कॉल किती, एक कॉल सरासरी चालतो किती, उचलायला माणसं किती, हे घाला आणि किती जणांवर थांबायची पाळी येणार ते बाहेर काढा. फोनची वर्दळ आजही 'एर्लांग' याच एककात मोजतात. म्हणजे मी किती वेळ सनई ऐकणार, याचा अंदाज मी नंबर लावायच्या आधीच कोणाच्या तरी तक्त्यात होता. तो बघून कोणीतरी ठरवलं होतं की एवढी माणसं पुरेत, बाकीचे थांबतील. याला अनपेक्षित म्हणत नाहीत. याला बचत म्हणतात, आणि ती माझ्या वेळातून केलेली आहे.

विमानांनाही होल्ड करायला लावतात. धावपट्टी मोकळी नसली की वैमानिकाला सांगतात, घाल घिरट्या. पण त्या घिरट्यांनाही रीत आहे. शर्यतीच्या ट्रॅकसारखा लांबोळका मार्ग, वेगळं सांगितलं नसेल तर वळणं उजवीकडे, आणि १४ हजार फुटांपर्यंत त्याची सरळ बाजू एका मिनिटाची, त्याच्या वर दीड मिनिटाची. मुख्य म्हणजे घिरट्या घालायला लावतानाच वैमानिकाला सांगतात की पुढची परवानगी अमुक वाजता अपेक्षित धर. मला वेळ दिली होती कोणी? मी घरातल्या घरात घिरट्या घालत होतो, त्याही कुठल्याही दिशेला.

नाना शिडी दारापर्यंत आणून ठेवून परत आले. "अजून धरलंयस ना? शाब्बास." मी फोन त्यांच्या हातात दिला. आणि नेमकी तेव्हाच लाइन लागली.

"थँक यू फॉर होल्डिंग, सर."

नानांचा चेहरा उजळला. फोन छातीशी दाबून मला म्हणाले, "बघ! धरलं म्हणून आभार मानले. टेबलाला म्हणाली असती का?"

मी फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. मुलगी मराठीत बोलायला लागली. नाव झालं, जन्मतारीख झाली, बटणं दाबून आधीच दिलेला तक्रार क्रमांक पुन्हा तोंडी देऊन झाला. मग तिने तो प्रश्न विचारला.

"सर, मे आय पुट यू ऑन होल्ड?"

मी 'हो' म्हणणारच होतो. सगळेच म्हणतात. पण नाना टेबलावर ओणवे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "नो!"

पलीकडे सामसूम.

"सॉरी, सर?"

"तुम्ही विचारलंत ना, ठेवू का म्हणून? नका ठेवू."

"सर, मला सिस्टिममध्ये चेक करावं लागेल."

"करा की. आम्ही गप्प बसतो."

"सर, त्यासाठी होल्ड करावं लागेल."

"चेक तुम्ही डोळ्यांनी करणार. आमच्या कानांचं काय मधे?"

"सर, प्रोसिजर आहे."

"मग विचारलंत कशाला, बाळ?"

ते 'बाळ' इतक्या मायेने आलं की ती खुदकन हसली. मला तिची दया आली. अशा ठिकाणी एकेका कॉलला लागलेला वेळ मोजतात, आणि होल्डवर घालवलेला वेळही त्यातच धरतात. आम्ही इकडे वेळ खात होतो तो तिच्याच खात्यावर. 'मे आय' सुद्धा तिचं नव्हतं, कोणीतरी लिहून दिलेलं. लिहिणाऱ्याला एवढाच विश्वास होता की समोरचा कधीच नाही म्हणणार नाही.

"बरं," ती म्हणाली, "लाइनवरच राहा."

आणि मग आम्हाला ते ऐकू आलं जे सनईच्या मागे दडलेलं असतं. कीबोर्डची टकटक. कोणाचा तरी खोकला. खुर्चीचं चाक. मग तिचा आवाज, शेजारच्या कोणाला तरी विचारणारा.

"अगं, या रिफंडला होल्ड कोणी लावलाय?"

"दिसत नाही का त्यात?"

"नाव नाहीये. नुसतं सिस्टिम लिहिलंय."

"मग सिस्टिमने लावला असेल."

"काढायचा कोणी?"

"मला काय माहीत? रिक्वेस्ट टाकून दे."

नाना माझ्याकडे बघत होते, मी नानांकडे. एवढंच संभाषण! हे ऐकू येऊ नये म्हणून एवढी वाद्यं.

"सर," ती परत आली, "तुमचा होल्ड काढण्यासाठी मी रिक्वेस्ट टाकली आहे."

"आणि ती रिक्वेस्ट कुठे आहे?"

ती जरा अडखळली. "सध्या... पेंडिंग दाखवतंय, सर."

"शब्द बदलला," नाना मला कुजबुजले. "म्हणजे काम पुढे सरकलं."

आणखी काही मदत करू शकते का, असं तिने विचारलं. पहिली मदत कुठली होती ते विचारणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नाना 'नाही नाही, सुखी राहा' म्हणून मोकळे झाले. लगेच रेकॉर्डिंगवाली बाई हजर. आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या, अत्यंत असमाधानी असाल तर एक दाबा. मी एकच्या दिशेने बोट नेलं. किती तरी दिवसांत इतक्या आनंदाने मी कुठलं बटण दाबायला निघालो नव्हतो.

नानांनी मधेच हात घालून पाच दाबलं.

"नाना!"

"मुलगी गोड बोलली रे," ते शिडी खांद्यावर घेत म्हणाले. "पैशांचं तू तुझं बघ."