पायगुण

आमच्या बॉस्टनच्या घरात कपाटाचा एक खण आहे. बायको त्याला 'गेलेल्यांचा खण' म्हणते. आत आमच्या बेसबॉल संघाच्या, रेड सॉक्सच्या, जर्सी आहेत: बेट्स, बोगार्ट्स आणि सगळ्यात वर, लेबलसुद्धा न काढलेला डेव्हर्स.

मी कुणाची जर्सी घेतली की मॅनेजमेंटला वास लागतो, अशी माझी खात्रीच झाली आहे. मुकी बेट्स २०१८चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू; त्याच साली आपण वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अंतिम विजेतेपद, जिंकलो. २०२०च्या फेब्रुवारीत त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला देऊन टाकला. खेळाडूंच्या पगाराची मर्यादा ओलांडली की लागणारा लक्झरी टॅक्स वाचवायचा होता म्हणे! सोबत पिचर डेव्हिड प्राइस दिला आणि त्याचा निम्मा पगारही आपणच भरायचा. पोरगा घरजावई दिला आणि वर हुंडाही आपलाच. डॉजर्स त्याच वर्षी जिंकले, हे सांगायला नकोच.

बदल्यात आलेल्या तिघांपैकी एकाचं नाव जेटर डाउन्स. हे नाव ठेवलं कुणावरून, तर आमच्या हाडवैऱ्यांच्या, न्यूयॉर्क यांकीजच्या डेरेक जेटरवरून! सवतीच्या नावाचं पोर मांडीवर घेतल्यासारखं झालं. आमच्याकडून १४ सामने खेळून तो गेला. दुसरा, वर्डुगो, काही वर्षांनी थेट यांकीजकडेच धाडला. बोगार्ट्स २०२२मध्ये सॅन डिएगोला गेला, त्यावर बोलायची ताकद नाही.

मग २०२३च्या जानेवारीत डेव्हर्सशी १० वर्षांचा करार झाला. बायको म्हणाली, "आपल्या गृहकर्जासारखं आहे हे. हा काही हलत नाही."

१५ जून २०२५. रविवार, फादर्स डे. लेकीने साठवलेल्या पैशांतून ११ नंबरची जर्सी आणली. दुपारी डेव्हर्सने यांकीजविरुद्ध होमरन मारला, आपण २-० जिंकलो, मालिकेतले तिन्ही सामने खिशात. मी जर्सी अंगावर चढवून आरशासमोर उभा, मानेला लेबल टोचतंय, तेवढ्यात फोन थरथरला. डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला.

लेक दारात उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, पावती ठेवलीये मी."

फेनवे पार्कवर घरच्या सामन्यांत पांढऱ्या जर्सीवर नाव नसतं, नुसता नंबर. इतकी वर्षं मला त्यात परंपरा दिसायची. आता दूरदृष्टी दिसते.

परवा पुण्याहून आईचा फोन आला. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझी गाऱ्हाणी ऐकून ऐकून रोस्टर पाठ झालाय.

"आता कुणाचा शर्ट घेतोयस?"

"९ नंबर. टेड विल्यम्स."

"तो नाही ना जाणार कुठे?"

"आई, तो १९६०लाच रिटायर झाला. २००२ मध्ये वारला."

"मग हरकत नाही," आई म्हणाली. "घे."