टाळू शिवली, मग मेंदू कशाला मध्ये आणता?

ताई, जन्मतः टाळू, म्हणजे तोंडातलं छत, दुभंगलेल्या मुलांच्या ऐकण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "माझ्या वर्गातल्या या लेकराच्या आईला गावानं आधीच बोल लावला, ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून. आता तुम्ही त्याच्या डोक्यात दोष काढताय. ऑपरेशन झालं, टाळू शिवली, मग मेंदू कशाला मध्ये आणता?"

तुमचा राग रास्त आहे. 'मेंदूलाच ऐकू येत नाही' हे माझं शीर्षक चुकलं, आज बदललं. आमच्या लातूरकडं लेकराला वेडं ठरवायला एवढा एक शब्द पुरतो.

पण मेंदूचा विषय सोडता येत नाही. घशापासून कानापर्यंत एक नळी असते. आपण गिळलं की टाळूतला स्नायू ती उघडतो आणि पडद्यामागं हवा खेळते. टाळू दुभंगलेली असली की हा स्नायू नीट जोडलेला नसतो. नळी उघडत नाही, आत पाणी साठतं. ऑपरेशनआधी अशा जवळपास प्रत्येक तान्ह्या बाळाच्या कानात ते असतं. पुष्कळदा ना ठणका, ना पू. ऐकणं साधारण २० ते ३० डेसिबलनं उतरतं, तेही कधी कमी, कधी जास्त. ताट पडलं की बाळ दचकतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. 'ताक' आणि 'टाक' मधला फरक मात्र त्याच्यापर्यंत पुसट पोचतो. आणि मायबोलीचे आवाज मेंदू निवडून घेतो ते पहिल्याच वर्षात. टाळू बहुधा शिवली जाते ९ ते १८ महिन्यांत, खेड्यात त्याहून उशिरा.

फिनलंडमध्ये अशा मुलांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून एकसारखे आवाज ऐकवले, मधूनच एखादा वेगळा. तो फरक टिपताना मेंदूत जी लहर उमटते, ती फक्त टाळू दुभंगलेल्या मुलांत जास्त क्षीण होती. ओठही दुभंगलेल्यांत तेवढी नव्हती. कानात पाणी तर दोघांच्याही साठतं. म्हणजे सगळा दोष त्या पाण्याचाच असेल, असंही मी म्हणणार नाही. पण ही लहर बुद्धी मोजत नाही, ताई. अशा लेकराला आवाज पुन्हापुन्हा, स्पष्ट आणि जवळून ऐकवावे लागतात. गेंगाणं बोलतं म्हणून त्याच्याशी बोलणंच कमी केलं, तर त्याला हवं तेच आपण काढून घेतो.

त्याच्या आजीला एवढं सांगा, कानात तेल सोडू नका. पाणी पडद्याच्या आत आहे, तेल तिथं जातच नाही. टाळू शिवल्यावरही पाणी पुन्हा साठू शकतं, म्हणून तपासणी थांबवायची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की त्याला आवर्जून दाखवा. तोवर पहिल्या बाकावर बसवा आणि फळ्याकडं तोंड करून त्याला काही सांगू नका.

त्याचे कान शेवटचे कधी तपासले, तेवढं विचारून मला कळवाल का?